गडचिरोलीत हिमापासून वाडी कशी वाचवावी : नवशिक्यांसाठी

ज्यांच्या घरामागे वाडी आहे, वाडीत चार वांगी, सहा भेदरे म्हणजे टमाटे, कुंपणावर वाल आणि दारात तुळस आहे, आणि ज्यांनी नुकताच मोबाइलवर हिमाचलातला एक गृहस्थ सफरचंदाच्या कलमांना गोणपाट गुंडाळताना पाहिला आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. व्हिडिओ बघून धडकी भरणे साहजिक आहे. धडकी भरल्यावर पहिल्या दिवशी काय करायचे, रात्री काय करायचे आणि शेजाऱ्यांनी विचारले तर काय सांगायचे, हे सगळे पुढे क्रमाने येईल. क्रम मध्ये एकदा तुटेल. त्याला कारण नाटक आहे.

पूर्वतयारी : हिम मिळवणे

हिमापासून झाड वाचवायचे तर आधी हिम लागते, आणि नवशिक्यांची पहिली पंचाईत इथेच होते. गडचिरोली समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे-सव्वादोनशे मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या रात्री पारा आठ-दहा अंशांवर येतो. माणसाला हुडहुडी भरायला तेवढे पुरते, पाणी गोठायला पुरत नाही. महाराष्ट्रात हिम बघायचेच असेल तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी जावे. तिथे एखाद्या पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठते आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो छापून येतो. नंदुरबारच्या सातपुड्यात तोरणमाळला आणि डाबला जावे. किंवा निफाडला. तिथे पारा दोन-तीन अंशांवर उतरला की द्राक्षवाले पहाटे उठून बागेत ठिबक सोडतात आणि ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात, कारण मण्यांना तडे गेले तर वर्षाची कमाई गेली. त्यांची धावपळ खरी आहे. ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, एवढेच.

विदर्भाला मात्र अगदीच कमी लेखू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. त्याआधीचा नीचांक १९३७ सालचा, ३.९ चा. गंमत अशी की २०१८ मध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन मुंबईत झाले आणि पावसाळी नागपुरात. तेव्हा विधानभवनात पाणी शिरून वीज गेली होती. म्हणजे स्वेटर घालायची खरी वेळ आली तेव्हा आमदारसाहेब समुद्रकाठी. विदर्भातली थंडी सरकारदरबारी नोंदवली जायची ती संधीही हुकली.

आता थोडे विज्ञान, कारण पुस्तिकेत ते असावे लागते. बातमीत जे किमान तापमान येते ते जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. तुमचे भेदरे पेटीत नसते. ते उघड्यावर, जमिनीलगत उभे असते. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर पान आपली ऊब सरळ आभाळाला देऊन टाकते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त गार होते. म्हणून पेटीत तीन-चार अंश असताना गवतावर हिम धरू शकते. त्या नागपुरी रात्री तसे घडणे शक्य होते. गडचिरोलीत नऊ अंशांच्या रात्री पान फार तर पाच-सहावर जाईल. तिथे हिम नाही, दहिवर आहे. सकाळी धोतर, लुगडे, पायजमा जे असेल ते गुडघ्यापर्यंत भिजवणारे.

हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात थंडीची लाट म्हणायची तर किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली यावे लागते आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरावे लागते. बातमीदाराच्या हिशेबात चौकात तीन माणसे शेकताना दिसली की लाट आली. तुम्ही कोणता हिशेब धरता त्यावर पुढच्या पायऱ्यांचा खर्च ठरतो.

पायरी पहिली : कोणाला वाचवायचे ते ठरवा

नवशिक्याला वाटते की सगळ्यांना वाचवायचे. तसे नाही. लसूण, मेथी, मुळा, सांबार, पानकोबी, वाटाणा ही मंडळी थंडीचीच वाट बघत असतात. लसणाचा गड्डा गारठ्याशिवाय नीट भरत नाही. फुलकोबीला ऊब मिळाली तर ती गड्डा धरायचा सोडून पाने वाढवत बसते. धानाच्या बांधीत टाकलेली लाखोळी आणि जवस दहिवरावर पोसतात. आंब्याला तर गार रात्री हव्याच असतात. त्या पुरेशा आल्या नाहीत तर मोहोराऐवजी पालवी फुटते, आणि मग मे महिन्यात तुम्ही झाडाखाली उभे राहून वर बघत राहता. या सगळ्यांवर पांघरूण घालणे म्हणजे त्यांच्या जेवणावर झाकण ठेवणे.

खरा त्रास होतो तो उष्ण प्रदेशातल्या नाजूक मंडळींना. केळी, पपई, मिरची, वांगी, भेदरे आणि तुळस. यांना गोठायची गरज नसते. दहा-बारा अंशांखाली चार-पाच रात्री सलग गेल्या की त्यांची वाढ थांबते, पाने कडेने तांबूस होतात, फुले गळतात, फळ पिकायचे राहून जाते. केळीचे नवे पान सुरळीतच अडकते. हे नुकसान हिमाचे नाही, नुसत्या गारव्याचे आहे, आणि ते बहुतेक वेळा संक्रांतीनंतर आपोआप भरून निघते.

तुळशीची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण घरात सगळ्यांत जास्त काळजी तिचीच असते. कार्तिकात थाटात लग्न लागते आणि पौषात ती काड्यांची जुडी होते. दोष सगळा थंडीवर जातो. अर्धा दोष मंजिऱ्यांचा असतो. बी धरले की तुळस पाने टाकू लागते, आणि लग्नाच्या गडबडीत मंजिऱ्या खुडायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या खुडा. पाणी कमी करा. गार मातीत मुळे पाणी ओढत नाहीत आणि रोज सकाळचा तांब्याभर नेम मुळे कुजवतो. नेम मोडायचा नसेल तर तांब्या लहान घ्या. कुंडी असेल तर दिवसभर ऊन खाणाऱ्या मातीच्या भिंतीला टेकवा. भिंत रात्री ती ऊब परत देते. वरून जुनी ओढणी टाकली तरी चालते. ओढणी लाल असावी असा आग्रह घरातून होईल. रंगाने तापमानात फरक पडत नाही, घरातल्या वातावरणात पडतो.

पायरी दुसरी : साहित्य

परदेशी पुस्तकांत फ्रॉस्ट क्लॉथ, काचेच्या घंटा, बागेत लावायचे हीटर अशी यादी असते. ती वाचा, आनंद घ्या आणि पुस्तक मिटा. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात धान निघतो, चुरणे होते आणि गावभर तणस पडलेले असते. जगात झाडाच्या बुंध्याशी अंथरायला याहून चांगली गोष्ट क्वचितच मिळेल. पोकळ काड्यांत हवा अडकते, माती रात्री लवकर निवत नाही, ओल टिकते, तण दबते. तीन-चार बोटे जाडीचा थर द्या, खोडाला मात्र चिकटवू नका, नाहीतर तिथे बुरशी आणि वाळवी राहायला येते. तणस एचएमटी धानाचे असेल तरी चालते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या काही वेगळ्या लोंब्या हेरून ते वाण निवडत नेले, आणि ते राज्याबाहेरही पोहोचले. शेत उघड्या डोळ्यांनी बघण्याचा हा धडा इतर कोणत्याही बागकाम पुस्तिकेपेक्षा मोठा आहे, पण आपण तणसावर होतो.

तणसाचा एकच दोष. ते गाय खाते. तुम्ही रात्री आठला अंथरता, सकाळी सहाला ते नसते, आणि सोबत दोन वांगीही नसतात. धान निघाला की गावात जनावरे मोकळी सुटतात. म्हणून तणस अंथरण्याआधी कुंपण. खरे सांगायचे तर या पुस्तिकेतले कुंपणाबद्दलचे वाक्य तेवढे पाळले आणि बाकी सगळी फाडून चुलीत घातली, तरी वाडी वाचेल.

रोपांवर बांबूचे टोपले पालथे घाला. गडचिरोलीत बांबूला तोटा नाही आणि टोपले विणणारे हात अजून आहेत. टोपल्यातून हवा खेळते, दहिवर पानावर बसत नाही, आणि रात्री आभाळाकडे जाणारी ऊब अडते. वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, बांबूचा तट्टा उभा करा. प्लास्टिक वापरायचेच असेल तर ते पानाला टेकू देऊ नका. टेकलेल्या जागीच पान करपते. शिवाय सकाळी ते काढायला विसरलात तर दहा वाजेपर्यंत आत भेदऱ्याची भाजी तयार असते.

मच्छरदाणी वापरू नका. हे ठळक लिहायला हवे. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे आणि म्हणून इथे घरोघरी औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जातात. ती जाळीदार, हलकी, फुकट मिळालेली वस्तू बघून माळ्याच्या मनात पाप येते. जाळीने ऊब अडत नाही. ती अंथरुणावरच राहू द्या.

माळ्याला स्वतःला ऊब यावी म्हणून काही पुस्तकांत द्रवरूप उपाय सुचवलेले असतात. जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, तेव्हा हा भाग आपल्या आवृत्तीतून वगळला आहे. तसेही त्या द्रवाने कातडीकडचे रक्त वाढते, ऊब आल्याचा भास होतो आणि अंगातली खरी उष्णता बाहेर जाते. मोहफुलाचे लाडू करा.

पायरी तिसरी : पाणी

ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते. म्हणून थंडीची रात्र येणार असे वाटले की दुपारी बुंध्याशी पाणी द्या. संध्याकाळी पानांवर फवारू नका. थंड देशांत बागेवर रात्रभर पाणी शिंपडतात, कारण पाण्याचा बर्फ होताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि तेवढ्यावर कळी तग धरते. ही युक्ती सुंदर आहे, पण तिला पाणी गोठावे लागते. आपल्याकडे ते गोठणार नाही, पानावर रात्रभर बसून राहील आणि चार दिवसांनी करप्याचे डाग देऊन जाईल.

ज्यांची वाडी मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या किंवा बोडीच्या काठावर आहे त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. साठलेले पाणी रात्री शेजारच्या हवेला ऊब देते. ज्यांची वाडी दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागेत आहे त्यांनी मात्र जपावे. गार हवा जड असते, ती उतारावरून घसरत येऊन तिथेच साचते. उंचीनेही फरक पडतो; बेडगाव घाट चढून कोरचीकडे गेलात की तो अंगाला कळतो. तिकडे सिरोंचाला, प्राणहिता-गोदावरीच्या काठी, मिरचीवाले त्याच रात्री एका चादरीत झोपलेले असतात. जिल्हा लांब आहे. एकच सल्ला दोन टोकांना लागू पडत नाही.

आणि वाडी मोठ्या झाडाखाली असेल तर निवांत बसून राहा. मोहाच्या किंवा चिंचेच्या सावलीतल्या रोपाला आभाळ दिसतच नाही, त्यामुळे त्याची ऊब जात नाही. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग असाच झाकलेला आहे, आणि त्यासाठी कोणी गोणपाट विकत आणलेले नाही.

पायरी चौथी : रात्रीची गस्त

दर दोन तासांनी उठून आच्छादन तपासावे, असे पुस्तकात असते. ही पायरी रद्द समजावी. दिवाळीतली भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडशाला मंडळांची कार्यालये, गावोगावी मंडई, दिवसा शंकरपट आणि रात्री दहा-अकराला वर गेलेला पडदा पहाटेशिवाय खाली येत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. माणसे पोते, वाकळ, लेकरू घेऊन उघड्या मैदानात रात्रभर बसतात. थंडीच्या सर्वांत वाईट तासांत अख्खे गाव जागे असते आणि कोणीही वाडीत नसते.

इथे एक तांत्रिक अडचण येते. संध्याकाळी भेदऱ्यांवर घातलेली वाकळ रात्री नऊला घरच्यांनी ओढून नेलेली असते. नाटक आणि भेदरे यांच्यात वाकळ कोणाची, यावर वाद घालू नका. हराल.

जे नाटकाला जात नाहीत त्यांनीही पहाटे तीनला विजेरी घेऊन वाडीत जाऊ नये. हे गमतीने लिहिलेले नाही. ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोलीच्या पट्ट्यात वाघ गावाच्या कडेने फिरतात; चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातसुद्धा ते दिसले आहेत. काळोखात वाकून रोप तपासणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. सहा भेदऱ्यांची किंमत बाजारात काय आहे ते आठवा आणि दार लावून झोपा.

पायरी पाचवी : शेकोटी

शेकोटी झाडासाठी पेटवायची असते अशी समजूत घेऊन सुरुवात करा. धूर केला की बागेवर पांघरूण पडते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. धुराचे कण फार बारीक असतात, जमिनीतून आभाळाकडे जाणारी उष्णता त्यांना फारशी अडत नाही. उपयोग होतो तो विस्तवाचा, तोही जवळच्या दोन-चार झाडांना. म्हणून निफाडवाले बागेत एक मोठी शेकोटी न करता लहान लहान पुष्कळ करतात.

तुमची शेकोटी मात्र एकच राहील आणि ती हळूहळू वाडीतून अंगणात, अंगणातून रस्त्याच्या कडेला सरकेल. तिच्याभोवती पहिल्या दिवशी तुम्ही, दुसऱ्या दिवशी शेजारी, तिसऱ्या दिवशी माजी सरपंच. टोपल्यांखालची रोपे बघून शेजारची आजी विचारेल, "कायले झाकून रायला गा? थंडी तुले लागते का झाडाले?" या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, ते वर दिले आहे. ते देत बसू नका. आजीला जागा करून द्या.

निखारे विझवूनच उठा. पानगळ सुरू झालेल्या जंगलाला एक ठिणगी पुरते, आणि १५ फेब्रुवारीपासून वन विभागाचा वणव्याचा हंगाम सुरू होतो.

अडचणी आणि उपाय

पाने काळी पडली, छाटू का? नको. करपलेले पान खालच्या कोवळ्या डोळ्याला झाकत असते. रात्री उबदार होऊ द्या, नवा फुटवा दिसू द्या, मग कात्री घ्या. त्या आधी युरियाही देऊ नका. कोवळी लुसलुशीत फूट आली तर पुढच्या गारव्यात आधी तीच जाईल.

थंडी एकदम गायब झाली. बंगालच्या उपसागरात काहीतरी शिजते आहे. ढग येतात, रात्र उबदार होते, आणि भेदरे वाचवल्याचे श्रेय तुम्हाला मिळते. ते घ्या. पण ढगांसोबत पाऊस किंवा धुवारी आली तर तुरीचा आणि वालाचा फुलोरा गळेल, मावा येईल. त्यावर टोपले चालत नाही.

सगळे केले, तरी वाडी सकाळी भुईसपाट. थंडी अशी चालत येत नाही. पावलांचे ठसे बघा. दुभंगलेले खूर असतील आणि माती उकरलेली असेल तर रानडुक्कर. शेंडे तेवढे खाल्ले असतील तर बकरी, आणि ती कोणाची आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ठसा परातीएवढा गोल असेल तर हत्ती. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून कळप आला तेव्हापासून धानाचे पुंजणे आणि घरात साठवलेला मोह त्यांना माहीत झाला आहे. अशा वेळी आच्छादन दुरुस्त करायला बाहेर पडू नका. वन विभागाला कळवा.

सगळे आवरायचे कधी? फेब्रुवारीच्या मध्याला. तणस तोवर गाईने संपवलेले असेल, ओढणी परत मागितली गेली असेल, टोपली मोहफुलांसाठी लागतील. तट्टे मात्र फेकू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढेही जातो आणि जी झाडे नऊ अंशांना घाबरली नाहीत ती तेव्हा दुपारी चारला माना टाकतात. तट्टे उत्तरेकडून सोडा, पश्चिमेला बांधा, आणि सुतळी नवी घ्या.